सम्राटाच्या वाड्यातली बिऱ्हाडे

शिडाच्या होडीत चार दिवस काढलेल्या माणसाला बंदरात उतरल्यावर जमीनच डोलते आहेसे वाटते. क्रोएशियात स्प्लिटच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा माझी तीच गत होती. होडी भाच्याने भाड्याने घेतलेली. जर्मनीत नोकरी करणाऱ्या या मुलाचे वारा आणि दोर दोघेही ऐकतात. मराठीच्या प्राध्यापकाकडे त्याने एकच काम सोपविले होते. शीड फिरले की डोके खाली घालायचे!

"मामा, मी पाणी भरून घेईपर्यंत तुम्ही नि मामी गाव पाहून या," तो म्हणाला.

गाव पाहायला म्हणून निघालो तो थेट राजवाड्यात शिरलो. कारण इथे राजवाडा हेच गाव आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०५ मध्ये आपण होऊन राज्य सोडले आणि जन्मभूमीजवळ समुद्रकाठी बांधलेल्या या वाड्यात तो राहायला आला. आम्ही सकाळी निघालो त्या ब्राच बेटाच्या पांढऱ्या दगडाचे हे बांधकाम. पुन्हा गादीवर बसा म्हणून विनवायला आलेल्यांना त्याने आपल्या मळ्यातल्या भाजीची थोरवी ऐकविली, असे म्हणतात. (निवृत्तीनंतरही कॉलेजात रोज येणाऱ्या काही मंडळींना ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.)

सातव्या शतकात शेजारचे सालोना शहर उद्ध्वस्त झाले. तिथले लोक जीव घेऊन या तटांच्या आत आले आणि त्यांनी बिऱ्हाडे थाटली, ती आजतागायत! तटाला खिडक्या पडल्या, खांबांच्या मध्ये भिंती चढल्या. वरच्या बिऱ्हाडकरूंनी जमिनीला भोके पाडून केरकचरा खाली तळघरांत टाकला. बादशाही दालने काळाच्या ओघात गेली, पण कचऱ्याने गच्च भरलेली तळघरे शाबूत राहिली. विसाव्या शतकात ती उपसली, तेव्हा वरच्या दालनांचा आराखडा कळला, कारण खालची रचना वरच्यासारखीच होती. ख्रिस्त्यांचा छळ करणाऱ्या या सम्राटाच्या समाधीचे पुढे चर्च झाले, आणि तेही त्याच्याच अमदानीत देहदंड झालेल्या बिशप दोम्नियसच्या नावाचे. सम्राटाची शवपेटी नाहीशी झाली ती झालीच.

दोन भिंतींमध्ये वाळत टाकलेल्या चादरींकडे पाहत आमची ही म्हणाली, "अहो, यांना कुणी बिल्डर कसा भेटला नाही?"

मला हसू आले नाही. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडण्याचे कागद दादाने सहीसाठी पाठविले होते. ते होडीत माझ्या पिशवीत होते. वाड्यात पूर्वी सात बिऱ्हाडे होती. नळावरची भांडणे चौकापर्यंत ऐकू येत. आता एकटी काकू राहते, आणि मागच्या पावसाळ्यात जिना खचला. दादाचे काय चुकले? वाडा माणसांनी झिजतो खरा, पण माणसे गेली की बसतो.

इथेही सगळे आलबेल नाही. बरीच घरे आता प्रवाशांना भाड्याने दिली जातात. तरीही ज्युपिटरच्या देवळालगतच्या बोळात माणसांची ये-जा होती. एकावेळी एकच माणूस मावेल अशा त्या बोळाला लोक 'मला जाऊ द्या' असेच म्हणतात. समोरून बाजाराची पिशवी घेतलेल्या आजीबाई आल्या. आम्ही मुकाट्याने मागे सरलो. त्यांनी मान हलविली, पुढच्या वळणावर कनवटीची म्हणावी तशी एक किल्ली काढली आणि दार उघडून त्या आपल्या घरात गेल्या.