फाल्गुनात पवनचक्क्या

फेब्रुवारी लागला की हॉलंडच्या सहलीच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. मागे पवनचक्की, पुढे ट्यूलिपच्या लाल-पिवळ्या ओळी. माणशी खर्चाचा आकडा वाचून आम्ही तो नाद सोडला. पुण्याहून बदली होऊन हुबळीत नवेच आलो होतो. शेजारच्या काकू धारवाडच्या जुन्या मराठी घरातल्या. म्हणाल्या, "चक्क्याच बघायच्या तर गदगला जा की. मुंडरगीच्या रस्त्याला नुसत्या चक्क्याच आहेत." मी गाडी नुकतीच शिकले होते, त्यामुळे एवढ्या लांबचा हा माझा पहिलाच प्रवास.

हुबळी ते गदग साठेक किलोमीटर. अण्णिगेरी मागे पडली तरी दोन्ही बाजूंना काळं, मोकळं रान. ज्वारी-हरभरा निघून गेलेला. मधेच बांधावर एखादा पळस पेटलेला, तेवढाच रंग. गदगच्या पुढे पोलिसाने गाडी कडेला घ्यायला लावली. समोरून एक लांबच लांब ट्रेलर आला. त्यावर एकच पांढरी वस्तू, संपता संपेना. पूल असावा असं वाटलं. चहावाल्याने सांगितलं, हे चक्कीचं एक पातं. अशी तीन लागतात.

डोणी गावाच्या बाजूला कप्पतगुड्डाची डोंगररांग दिसली आणि माथ्यावर चक्क्याच चक्क्या. गाडी थांबवून उतरलो, तर बहुतेक सगळ्या स्तब्ध. एखाददुसरी आळसावून फिरत होती. बंद पडल्यात का? मेंढ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला हातवारे करून विचारलं. तो म्हणाला, "गाळी इल्री." वारा नाही.

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. वाऱ्याचा वेग ताशी साधारण दहा-बारा किलोमीटरच्या वर गेल्याशिवाय ही पाती वीज देऊ लागत नाहीत. शिवाय वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. आपल्याकडे तसा वारा नैर्ऋत्य मोसमी, जून ते सप्टेंबरचा. फाल्गुनात या चक्क्या बहुतेक सुट्टीवरच असतात.

हॉलंडच्या जुन्या चक्क्यांचं कामच वेगळं. किंडरडाइकच्या 19 चक्क्या 1740च्या सुमाराच्या. समुद्रसपाटीखालच्या जमिनीतलं पाणी उपसून वर टाकणं हा त्यांचा धंदा. वारा फिरला की चक्कीवाला चाक ओढून तिचा माथा हाताने वाऱ्याकडे वळवी. गदगच्या चक्क्यांवर वाऱ्याची दिशा ओळखणारं यंत्र असतं, मोटर आपोआप तोंड फिरवते. ट्यूलिपचं म्हणाल तर त्याच्या कंदाला फुलण्याआधी तीन-चार महिने कडक थंडी लागते. हुबळीच्या जानेवारीत ती कुठली? आपल्या देशात त्यासाठी श्रीनगरसारखं थंड ठिकाण गाठावं लागतं.

परतताना डंबळला दोड्डबसप्पाचं देऊळ पाहिलं. त्याचा तळ ताऱ्यासारखा, कोनाकोनांचा. गाभाऱ्याभोवती फिरताना भिंत कुठे वळते तेच कळत नव्हतं. प्रवास वाया गेला नाही हे तिथे पटलं.

तरी हॉलंडची जोडी इथे शोधू नये. फुलं आणि वारा यांचं इथलं वेळापत्रक जुळत नाही. पळस पाहायचा तर फाल्गुनात पहाटेच निघा, भरपूर पाणी घ्या. दहानंतर ऊन सोसत नाही. चक्क्या फिरताना पाहायच्या तर आषाढात जा. आणि कप्पतगुड्ड 2019पासून वन्यजीव अभयारण्य आहे, तेव्हा डोंगरात शिरण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. रस्त्यावरूनही चक्क्या चांगल्या दिसतात.