मुंबईहून आलेला समुद्र

आमच्या बाजूने थर्माकोलचे खोके बर्फात सुरमई-पापलेट घेऊन मुंबईला जातात. तसलेच दोन खोके मेअखेरीस उलट दिशेने, ठाण्याहून अंजनवेलला आले आणि त्यांतले मासे जिवंत होते. माझ्या भाच्याची खाऱ्या पाण्याची टाकी टेम्पोतून आली, तिच्यामागून गाडीत ही वरात. त्याला दोह्याला नोकरी लागली, फ्लॅट भाड्याने गेला आणि भाडेकरूंना दिवाणखान्यात तीनशे लिटरचा समुद्र नको होता. "आत्या, तू तर समुद्राच्या काठावरच राहतेस," असं म्हणून त्याने विषय संपवला.

काठावर राहण्याचा या टाकीला फारसा उपयोग नाही. अंजनवेल वाशिष्ठीच्या मुखाशी आहे. गोपाळगडाच्या तटावर उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की समोर खाडीपलीकडे दाभोळ, डाव्या हाताला उघडा समुद्र. उन्हाळ्यात बाहेरच्या समुद्रात लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. मृग लागला की नदी गढूळ होऊन खाली उतरते आणि मुखाजवळचं पाणी गोडं होऊ लागतं. त्यात कोयनेची भर. कृष्णेच्या खोऱ्यातलं, खरं तर बंगालच्या उपसागराला जायचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवून त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. हे १९६२ पासून चालू आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवण्याला वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. एका समुद्राचं पाणी दुसऱ्याला देण्याचा एवढा मोठा उद्योग दारात चालू असताना माझ्या तीनशे लिटरचं कौतुक गावात कोणाला वाटलं नाही, यात नवल नाही.

खाडीतले बोय, खेकडे, कालवं हा चढउतार सोसतात. भरती-ओहोटीला मीठ कमीजास्त होतच असतं. प्रवाळखडकांवरचे क्लाउनफिश आणि निळे डॅमसेल तो फार दिवस सोसू शकत नाहीत. त्यामुळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर बसून मी पुड्यातलं मीठ गोड्या पाण्यात ढवळते. हा प्रकार तसा जुना आहे. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ साली मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि त्याच सुमारास कृत्रिम समुद्रजलाचं सूत्रही दिलं, कारण लंडनपर्यंत खारं पाणी वाहून नेणं परवडत नव्हतं. माझी अडचण अंतराची नव्हती, ऋतूची होती. शिवाय गोडं पाणी तरी धड कुठलं घ्यायचं? मेअखेर आमच्या विहिरीला तळ दिसतो आणि चव मचूळ होते. शेवटी स्वयंपाकघरातल्या आरओच्या नळाखाली कॅन लावून ठेवायचे. पाहुण्यांना चहा उशिरा मिळू लागला.

प्रवास मात्र उत्तम झाला. एकही मासा वाटेत गेला नाही. सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होते, आणि मी, शाळेत बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई, नेमकी त्याच क्षणी धास्तावले होते. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच उतरतो. मासा अमोनियाही सोडत असतो. पण पीएच उतरल्यामुळे त्यातला जवळजवळ सगळा अमोनियम आयनाच्या रूपात राहतो आणि त्या रूपात तो फारसा जाचत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि वाटभर निरुपद्रवी असलेला तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे प्रवासाचं विष पोचल्यावर भिनतं. समतोल एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो, हे मी फळ्यावर दुहेरी बाण काढून कितीदा शिकवलं असेल. त्या बाणाच्या टोकाला कधी मासा काढला नव्हता.

त्यामुळे उघड्या पिशवीत तासभर टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत बसायचं, हा लोकप्रिय उपाय लांबून आलेल्या माशांना घातक ठरू शकतो. आम्ही पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याची क्षारता आधीच जुळवून ठेवली होती. बंद पिशव्या तापमान एक होईपर्यंत तरंगत ठेवल्या, मग उघडल्या आणि मासे जाळीने उचलून लगेच आत सोडले. पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं.

भाचा दुसऱ्या दिवशी परतला, आणि टाकीचं दुखणं त्यानंतर सुरू झालं.

सहा वर्षं नांदलेली टाकी म्हणजे काय, हे बाहेरच्याला दिसत नाही. त्याला मासे दिसतात, काच दिसते. टाकी असते ती दगडांत. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर आणि भोकाभोकांत सूक्ष्मजीवांची वस्ती असते. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. सेर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले, आणि ते करताना त्याचीही दमछाक झाली, कारण हे वाढतातच सावकाश. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्धा-एक दिवस लागतो. पाण्यात ते फारसे नसतात. म्हणून जुनं पाणी निम्मं फेकलं तरी चालतं, पण दगड वाळवून चालत नाही. भाच्याने दगड टाकीच्याच पाण्यात बुडवून, हवेचा पंप लावून आणले होते. तिथे तो चोख वागला.

वाळूच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी तोटाच होता. जुन्या वाळूच्या खालच्या थरांत प्राणवायू पोचत नाही. तिथे वर्षानुवर्षांचा गाळ असतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. ती उकरून तशीच नव्या जागी ओतली तर सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि मासे सकाळपर्यंत टिकत नाहीत. धुवून आणली तर वस्ती धुतली जाते. भाच्याने ती ठाण्यातच टाकून नवी कोरी घातली. योग्यच केलं. पण त्या वाळूसोबत टाकीच्या कारभाऱ्यांपैकी मोठा हिस्सा ठाण्यात राहिला, आणि माशांची संख्या तेवढीच होती.

पाणी दुधाळ झालं. अमोनियाच्या तपासणीच्या नळीत पिवळा राहायला हवा तो रंग हिरवट झाला. दोह्याहून रोज व्हिडिओ कॉल. "आत्या, बाटलीतले जिवाणू मागवू का? आत्या, कार्बन घाल. आत्या, दगड जरा हलवून बघतेस का?" मी त्याला म्हटलं, "तू फक्त बघ, सांगू नकोस." खाणं निम्म्यावर आणलं, थोडं थोडं पाणी बदललं, हवेचा पंप वाढवला आणि हात बाहेर ठेवले. हलवलेल्या टाकीला दुसरा मोठा धोका असतो तो तिच्या माणसांच्या काळजीचा. काळजीने माणूस ढवळतो, आणि ढवळलं की जे बसू पाहतंय ते पुन्हा उठतं. मग वाळूवर तपकिरी साय धरली. ते डायाटम, नव्या टाकीत ते येतातच आणि आपले आपण जातात. सहा वर्षांची टाकी स्वतःचं बालपण पुन्हा काढत होती.

हवामानाचा जाच वेगळा. मासे सव्वीस-सत्तावीस अंशांतले, आमची ओसरी मे महिन्यात बत्तिसाच्या वर. ठाण्याला पंखा पाण्यावर सोडला की बाष्पीभवनाने टाकी गार व्हायची. इथे पावसाळी हवा इतकी दमट, की पंखा फिरतो आणि पाणी उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? आणि जेवढं उडतं तेवढं गोड्या पाण्यानेच भरायचं असतं, कारण मीठ मागे राहतं. मी घरात नसताना शेजारच्या काकूंनी एकदा प्रेमाने समुद्राची बादली ओतायची तयारी केली होती. खाऱ्यात खारं, त्यांचं म्हणणं तर्काला धरूनच होतं.

विजेबद्दल काय बोलावं! अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या जमिनीवर उभा राहिलेला, जगाला 'दाभोळ' या पलीकडच्या गावाच्या नावाने माहीत असलेला एन्रॉनचा प्रकल्प माझ्या डोळ्यांदेखत आला, १९९९ला सुरू झाला, २००१ला बंद पडला, मग रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी झाला. १९६७ मेगावॉटची क्षमता. आणि वादळात आंबा तारेवर पडला की त्याच्याच सावलीतल्या घरात मी बॅटरीवरचा हवेचा पंप शोधत असते. बंद फिल्टर काही तास तसाच राहिला तर आतल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो, आणि नंतर चालू केल्यावर तोच फिल्टर मेलेलं पाणी टाकीत सोडतो. म्हणून वीज आली की आधी फिल्टर उघडून धुवायचा. हे गावातल्या वायरमनलाही आता पाठ झालंय.

जुलैत क्लाउनफिशच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके दिसले. क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी. प्रवासाने आणि अमोनियाने खचलेल्या माशाला तो गाठतो. त्याचं एक रूप माशावर असतं आणि दुसरं पुटी करून वाळूत, दगडांत आठवडेच्या आठवडे पडून राहतं. औषध तांब्याचं. पण तांबं टाकीत घातलं तर कोळंबी आणि शंखातले खेकडे मरतात, शिवाय ते दगडांत मुरून बसतं. म्हणून मासे वेगळ्या टबात, औषधात. आणि मोठी टाकी दोन-अडीच महिने माशांवाचून. पुट्या फुटतील, बाहेर येणाऱ्याला मासा मिळणार नाही, तो मरेल. तेवढा काळ दगडांवरच्या वस्तीची उपासमार होऊ नये म्हणून मी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकत असे.

मासे घेऊन येणारी वेलदूरची बाई हे बघून थांबली. "बाय, आत कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग खाऊ कोणाला घालतंस?"

मी तिला जिवाणू सांगितले. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि पुढल्या घरी काय सांगितलं असेल ते मला विचारायला नको.

या टाकीत प्रवाळ नाही, आणि ते मला बरं वाटतं. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्याचे जे आहेत ते मुख्यतः मालवणला आणि विजयदुर्गापासून दूर अरबी समुद्रात आंग्रिया बँकेवर आहेत, तिथेच राहोत. क्लाउनफिशची पैदास मात्र आता टाकीत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. भाच्याची जोडी तशीच पैदास केंद्रातली, तिने समुद्र पाहिलेलाच नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ला पुन्हा उघडलं, तेव्हा जो तो नव्या काचेच्या बोगद्याबद्दल बोलत होता. मधल्या काळात तिथले मासे कसे राहिले आणि परत आल्यावर त्यांचं पाणी कधी बसलं, हे कोणी लिहिलेलं वाचलं नाही.

मासे आता मोठ्या टाकीत परतलेत. दसऱ्यानंतर पाणी स्वच्छ झाल्यावर टाळकेश्वराच्या देवळाखालून भरतीच्या वेळी दोन कॅन आणले, गाळले, अंधारात ठेवले, आणि घनता मापून थोडं थोडं वापरायला सुरुवात केली. १.०२५. पुड्याचं मीठ वाचतं.

भाच्याचा परवा फोन होता. पुढच्या वर्षी तो पुण्यात येण्याचं चाललंय आणि टाकी न्यायची आहे. मी म्हटलं, "मासे ने, काच ने, पंप ने. दगड मात्र निम्मेच मिळतील. निम्मे इथे राहतील, विरजणाला."

"आणि इथे ठेवून तू काय करणार?"

"दुसरी टाकी बघितलीय मी चिपळूणला. तू फक्त टेम्पोवाल्याला पावसाच्या आधी सांग."