पाठांतरातले शब्द, वापरातले शब्द

त्र्यंबकला सकाळपासून पाऊस. ब्रह्मगिरी डोंगर ढगांत दिसेनासा झालाय. कुशावर्त कुंडावर मात्र गर्दी तशीच; तेलुगू, तमिळ, कन्नड कानावर पडतं आणि बोलणं अडलं की हिंदी, नाहीतर इंग्रजी पुढे येते. पूजासाहित्याच्या दुकानातली कॉलेजची पोरगी गल्ल्याशेजारी वही उघडून शब्द पाठ करत होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. आमच्या पिढीने तर्खडकरांच्या इंग्रजी पाठमालेवर असंच घोकलं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी वही तीच!

मला ही घोकंपट्टी पटत नाही. सुटा शब्द परीक्षेपुरता टिकतो. तेवढ्यात कुणीतरी गंगाद्वाराची वाट विचारली. ती पोरगी पटकन म्हणाली, ‘स्टेप्स आर स्लिपरी, गो स्लोली.’ हा ‘स्लिपरी’ वहीतला नव्हे, गिऱ्हाइकांकडून उचललेला. असे शब्द अख्ख्या वाक्यासकट लिहावेत, दोन-चार दिवसांनी पान झाकून आठवावेत, आणि मुख्य म्हणजे कुणाशी तरी बोलताना वापरावेत. व्याकरण चुकलं तर चुकू दे. २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. त्र्यंबकच्या पोरांनो, सरावाला माणसं कमी पडणार नाहीत, बोलायला लागा.