'एल नोर्ते' पाहिल्यावर

काही चित्रपटांतली दृश्ये डोळ्यांसमोर राहतात. 'एल नोर्ते' पाहिल्यावर मात्र माझ्या कानांत राहिले ते बोलण्याचे हेल. 'एल नोर्ते' म्हणजे उत्तर दिशा. ग्रेगरी नावा या दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९८३ सालचा. एन्रिके आणि रोसा ही ग्वातेमालातल्या एका डोंगरगावची माया जमातीची भावंडे. मजुरांना एकत्र करू पाहणाऱ्या त्यांच्या वडिलांना सैनिक ठार करतात, आईला उचलून नेतात. गावात राहिले तर आपलीही तीच गत, हे ओळखून दोघे मेक्सिको ओलांडून अमेरिकेच्या सरहद्दीकडे निघतात.

कथा कल्पित, पण तिच्यामागचे वास्तव कल्पित नाही. ग्वातेमालात १९६० ते १९९६ पर्यंत यादवी चालली. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने दिलेल्या अंदाजाप्रमाणे दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. ज्यांची ओळख पटली त्यांत ८३ टक्के माया होते.

गावात ही भावंडे किचे भाषा बोलतात, वाटेवर स्पॅनिश, आणि पुढे लॉस एंजेलिसला इंग्रजी शिकतात. निघण्यापूर्वी एक जाणता माणूस एन्रिकेला बजावतो : पकडला गेलास तर मेक्सिकन आहे असे सांग, आणि बोलण्यात शिव्या भरपूर पेर! मेक्सिकन ठरला तर सरहद्दीपलीकडे तिहुआनालाच सोडतील, पुन्हा प्रयत्न करता येईल. ग्वातेमालाचा ठरला तर थेट मरणाच्या दारात. पुढे खरेच पकडल्यावर हा भोळा मुलगा अधिकाऱ्यापुढे शिव्यांची सरबत्ती लावतो. आपण हसतो, आणि हसता हसता घशात आवंढा दाटतो.

आम्हां बेळगावकरांना हे समजायला अवघड नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी. समोरचा माणूस पाहून आमची जीभ आपोआप वळते. पण आमचा उच्चार चुकला तर फार तर कुणी हसेल. एन्रिकेचा चुकला असता तर जीव गेला असता. हा फरक विसरून त्याच्या दुःखाशी आपली बरोबरी करणे बरे नव्हे.

अखेर दोघे सांडपाण्याच्या जुन्या नळातून रांगत सरहद्द ओलांडतात. आत उंदीर त्यांच्यावर तुटून पडतात. पलीकडे शहराचे दिवे दिसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरचा आनंद पाहावा! कपडे धुण्याच्या यंत्रापुढे हात टेकून रोसा मालकिणीचे कपडे हातानेच धुते आणि हिरवळीवर वाळत घालते. तिचे हे साधेपण पाहून ती आपल्याच घरातली वाटू लागते. आणि मग उंदरांच्या त्या चाव्यांतून जडलेल्या टायफसने ती जाते. श्रीमंतांना गरिबाचे केवळ हात हवे असतात, असे वडील सांगत. शेवटी एन्रिके मजुरांच्या घोळक्यात उभा राहून आपले दंड बळकट असल्याचे ओरडून सांगतो.

वर्तमानपत्रांत अशा माणसांचा आकडा छापून येतो. या चित्रपटाने मला त्या आकड्यातली एक बहीण आणि एक भाऊ दाखवले. सरहद्दीवर त्यांना कागद विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या भाषेत त्यांचे नाव विचारणारा कुणी भेटला नाही.