पेटी मिटल्यावर

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सामध्ये गौरवगीत सुरू झालं, की चर्चमधल्या सगळ्या घंटा एकदम वाजू लागतात. गीत संपतं आणि त्या गप्प होतात, त्या थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत. आलेलुया तर राखेच्या बुधवारपासूनच ओठांवर नसतं. या तीन दिवसांत गाण्याला आधार देण्यापुरतं वाद्य चालतं. पिंपरीतला आमचा गायकवृंद तेवढंही घेत नाही. मी भाता मिटतो, पेटीवर कापड घालतो.

हायवे, लोकल, तिन्ही पाळ्यांच्या बसगाड्या. निव्वळ शांतता आमच्या वाट्याला येतच नाही. वृंदातला एक जण चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, पाळीभर कानांत बोळे घालून काम करतो. शुभ शुक्रवारी क्रुसाच्या वंदनाला तो डोळे मिटून शेजारच्याचा सूर शोधत गातो. पेटी असती तर तो पेटीवर रेलला असता. मीही.

सगळ्यांनी गायचं, तेही आपल्या भाषेत, हे माझ्या आजीला उतारवयात मिळालं. तिची मिस्सा लॅटिनमधली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेला वाट करून दिली आणि गाणं हे उपासनेचंच अंग आहे, असं स्वच्छ सांगितलं. मिस्साबाहेर मात्र मराठी कधीच गात होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांचं ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ज्ञानोबांची आळंदी आमच्यापासून इतकी जवळ, पण ओवी ख्रिस्ती गळ्यात उतरली ती तिकडे. मला याचं अजून नवल वाटतं.

आज आमच्यात तमिळ, मल्याळी, कोकणी घरं आहेत. मराठी स्तोत्रातला 'ळ' केरळच्या नर्सबाई आम्हा मराठी माणसांपेक्षा सुरेख म्हणतात.

गेल्या ईस्टरच्या जागरणात, मेणबत्त्यांच्या उजेडात, एकामागून एक वाचनं झाली, स्तोत्रं नुसत्या गळ्यानं झाली. मग फादरांनी गौरवगीत उचललं, घंटा सुटल्या. मी कापड काढून नेहमीच्या पांढरी चारवर बोट ठेवलं. जुळेना. तीन दिवस आधाराविना गाणारी माणसं अर्धा स्वर वर चढली होती, सगळी मिळून, एकाच ठिकाणी. मी हात उचलला आणि काळी तीनमध्ये त्यांच्या मागून निघालो.