पट्टा पडेपर्यंत

दसरा सरला की आमच्या बीडकडच्या गावांना गळती लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री, बांबू, पिठाचे डबे, एखादी शेळी आणि वर माणसं. ऊसतोडीला कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी थेट कर्नाटकात. मागं उरतात म्हातारी माणसं, दारांवरची कुलपं आणि हंगामी वसतिगृह असलं तर लेकरं. साखरशाळा लेकरांच्या मागोमाग कारखान्यापर्यंत जाते. वसतिगृह त्यांना गावातच धरून ठेवतं.

वसतिगृह म्हणजे शाळेचीच एक खोली. दिवसा फळ्यावर अपूर्णांक, रात्री त्याच फळ्याखाली सतरंज्या. गावातलीच एक मावशी भाकरी थापते. एक सहा-सात वर्षांची पोर आईची जुनी साडी उशाला घेऊन निजायची. मावशीनं ती धुवायला मागितली. पोरीनं साडी छातीशी धरली. मावशी काय समजायचं ते समजली. पुन्हा मागितली नाही.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल कोयत्यावर मिळते आणि फिटतेही कोयत्यानंच. लेकरांना त्या वहीत रकाना नाही. पण फडावर गेलं की त्याच लेकराला काम सापडतं. कोपीत धाकट्याला सांभाळ, पाणी आण, वाढ्याच्या मोळ्या बांधू लाग. हिशेबात नसलेलं लेकरू हंगामभर राबतं.

म्हणून मला वसतिगृहातली रात्रीची हजेरी आवडते. बहुतेकदा वीज गेलेली असते. मोबाइलच्या उजेडात गुरुजी एकेक नाव घेतात आणि अंधारातून 'हजर' येतं. कुणाचं झोपाळलेलं, कुणाचं नुकतंच रडून घोगरं झालेलं. पाच-सहा महिने का होईना, निजण्याआधी यांना कुणीतरी मोजून बघतं.

एवढ्यानं पुण्य पदरात पडलं असं मला वाटत नाही. आईबापाच्या हाताला गावातच काम असतं, तर ही खोली कुणाला लागली असती? मावशीची भाकरी गरम असते, पण ती मावशीची असते. संक्रांत झाली की पोरं विचारू लागतात, "गुरुजी, पट्टा कव्हा पडंल?" कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं. गाळप संपलं म्हणजे माय आली.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी वेशीवर ट्रॅक्टर वाजला आणि ताटावरची पोरं उष्ट्या हातानं पळाली. त्या रात्री गुरुजींनी सवयीनं साडीवाल्या पोरीचं नाव पुकारलं, जरा थांबले आणि पुढच्या नावाकडं वळले.

साडी उशाच्या जागी तशीच पडली होती. सकाळी मावशीनं ती उचलली, बादलीत बुडवली आणि शाळेच्या कुंपणावर उन्हात वाळत घातली.