काकूंचें पहिलें नांव

नातीचें पहिलें बाळंतपण टोरँटोस व्हावयाचें ठरलें, तेव्हां आमच्या काकू पंचाहत्तरीच्या घरांत होत्या. तोंपर्यंत त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रा. तिकडे आळीव मिळतो कीं नाहीं याविषयीं माजघरांत जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशहि पासपोर्टाविषयीं झाली नाहीं. तें काम माझ्याकडे आलें. संगणकावरचें सारें मला समजतें, असा आमच्या घरांत एक निराधार समज आहे.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही दोघें अर्ज भरावयास बसलों. जन्मगांव झालें, शरीरावरील ठळक खूण म्हणून कपाळावरचें गोंदण लिहिलें. पुढें प्रश्न आला : आपण अन्य कोणत्या नांवानें ओळखल्या जातां काय? नांव कधीं बदललें आहे काय? मीं दोन्हीं ठिकाणीं ‘नाहीं’ अशी खूण केली आणि पुढें जाऊं लागलों. काकूंनीं माझा हात धरला.

“अरे, माझें नांव बदललेलें आहे कीं!”

१९६९ सालीं त्यांचें लग्न झालें. त्या वेळीं तबकांत तांदूळ पसरून काकांनीं त्यांवर अंगठीनें जें नांव लिहिलें, त्याच नांवानें आम्ही सारे त्यांस ओळखतों. त्यापूर्वीं त्यांस दुसरें नांव असेल, हें मला तत्त्वतः ठाऊक होतें. पण त्यांच्या हातचें जेवून मी पन्नाशी ओलांडली, तरी तें कोणतें हें मीं कधीं विचारलें नव्हतें! (तें येथें छापावयाचें नाहीं, अशी त्यांची अट आहे.)

मीं व्यवहाराची भाषा सुरू केली. २०१६ च्या डिसेंबरांत नियम बरेच सैल झाले आहेत. विवाहाचा दाखला मागत नाहींत. सगळ्या कागदांवर सासरचें नांव आहे, मग जुनें उकरून घोटाळा कशाला? काकू उठल्या आणि ट्रंकेच्या तळांतून १९६६ सालचें एस. एस. सी. चें प्रमाणपत्र घेऊन आल्या. त्यावर माहेरचें नांव होतें. परदेशीं नोकरीस जाणाऱ्यांची जी सरकारी तपासणी असते, तींतून मॅट्रिक झालेल्यांस सूट आहे. पण पन्नाशीपुढील माणसांसहि ती आहेच. म्हणून मी म्हणालों, “काकू, तुम्हांला वयावरच सूट मिळेल, हा कागद नको.”

“वयावर कशाला? मी मॅट्रिक आहें.”

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. खरें म्हणजे खोटें लिहिणें हा गुन्हा आहे हेंहि मला तेव्हां सुचावयास हवें होतें. तें सुचलें नाहीं.

पुढला रकाना आईच्या नांवाचा होता. काकूंनीं तें सांगितलें आणि मग बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. “हें तिचें सासरचें,” त्या म्हणाल्या, “माहेरचें मला ठाऊक नाहीं. विचारीन विचारीन म्हणतां ती गेली. आतां सांगणारें कोणी उरलें नाहीं.”

मीं मुकाट्यानें मागें जाऊन दोन्हीं ‘नाहीं’ पुसले.

केंद्रांत ए, बी, सी अशा तीन खिडक्यांची वाट असते. पहिल्या खिडकीवर कागद, छायाचित्र आणि बोटांचे ठसे झाले, आणि दुसरीची वाट पाहत आम्ही बसलों. मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ सालीं त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां लोक धर्म विचारीत होते, प्रायश्चित्त विचारीत होते. पासपोर्ट मात्र कोणी विचारीत नव्हतें. ती सक्ती पहिल्या महायुद्धांत आली आणि १९२० सालीं तिचा कायदा झाला. आनंदीबाईंचें माहेरचें नांव यमुना. तें चरित्रकारांनीं जपलें, म्हणून आपणांस ठाऊक.

बी खिडकीवरच्या तरुण बाईंनीं दोन्हीं कागद शेजारीं शेजारीं ठेवून विचारलें, “आजी, ह्या दोन्हीं तुम्हीच ना?”

“हो, दोन्हीं मीच,” काकू म्हणाल्या.

एक शपथपत्र आणावयास सांगण्यांत आलें. त्यापायीं आणखी एक खेप पडली. मग पोलीस घरीं येऊन चहा घेऊन गेले, आणि कांहीं दिवसांनीं टपालानें निळी पुस्तिका आली. तींत छायाचित्राशेजारीं सासरचेंच नांव होतें. मला वाटलें, काकू हिरमुसतील. त्यांनीं तें वाचलेंसुद्धां नाहीं. चष्मा पुसून त्यांनीं शेवटचें पान काढलें, आईच्या नांवावर बोट ठेवलें आणि मला विचारलें, “आळीव सामानांत नेऊं देतात कां रे?”